गाण्यांसाठी सबवूफर (खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) घ्यायचाय, ८ इंची की १२ इंची? (सिनेमे बघत नाही)

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी, गेले दोन आठवडे नुसतं वाचतोय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय म्हणून शेवटी इथे विचारतो. साधा स्टिरिओ आहे, एक इंटिग्रेटेड अँप आणि पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, कागदावर ५५ हर्ट्झपर्यंत जातात असं लिहिलंय. गळा, सतार, व्हायोलिन ऐकायला मस्त, काही तक्रार नाही, पण बेस गिटारचे खालचे सूर नुसते आहेत एवढंच कळतं आणि डग्गा तर टॉवेल टाकून वाजवल्यासारखा. खोली ४ मीटर बाय ३ मीटर. अँपला सब-आउट, म्हणजे सब जोडायची वेगळी जागा, नाहीये. आता ८ इंची घेऊ की १२? सील्ड (बंद पेटीचा) की पोर्टेड (पेटीला हवेचं भोक असलेला)? एका मित्राकडे मोठा सब ऐकला तर गायक बिचारा मागे आणि पुढे नुसतं धब धब, तसलं नकोय मला.

भोंगा_जुना:
आधी हे बघा की तुम्ही जे ऐकता ते किती खाली जातं. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ, पाच तारांची असेल तर ३१, पियानोची शेवटची पट्टी २७.५. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खरज ६९ च्या आसपास, म्हणजे तो तुमचे आत्ताचे स्पीकर देतातच. १६ हर्ट्झवाले ३२ फुटी ऑर्गनचे पाइप तुम्ही ऐकत नसाल असं धरतो :) तर ३० पर्यंत स्वच्छ उतरणारा सब पुरे झाला, २० च्या मागे लागू नका, ती भूक सिनेमातल्या स्फोटांची.

साइजचं म्हणाल तर आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली जायचं तर कोनला चौपट हवा हलवावी लागते, म्हणून छोट्या सबची दमछाक होते. १२ इंचीचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोन पट. तुमच्या खोलीला १० इंची बरोबर वाटतो मला, १२ घेतलात तरी बिघडत नाही, फक्त नॉब कमी ठेवायची अक्कल हवी. मित्राकडे जे ऐकलंत ना, त्यात दोष सबचा कमी आणि नॉबवरच्या हाताचा जास्त असणार.

खटका:
डोळे मिटून सील्ड घ्या राव. पोर्टेड म्हणजे ढिला बेस, गाण्याच्या कामाचा नाही, सील्ड फास्ट असतो.

तारजोडणी:
खटकाभाऊ, फास्ट बेस असं काही नसतं हो. ४० हर्ट्झचा सूर सेकंदाला ४० वेळाच हलणार, बॉक्स कुठलाही असू दे. फरक पडतो तो खाली उतरताना. सील्डचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने पडतो, पोर्टेडचा पोर्टच्या ट्युनिंगखाली २४ ने. आणि छोट्या खोलीत भिंती आपणहून खालचा बेस थोडा उचलून देतात, तो उचल सील्डच्या हळू उताराशी छान जुळतो, म्हणून लहान खोलीत सील्ड घ्या हा सल्ला ठीकच आहे, कारण मात्र वेगळं. नीट बनवलेला पोर्टेडही गाण्याला उत्तम चालतो, मी स्वतः तोच वापरतो.

सब-आउट नसण्याचं टेन्शन घेऊ नका. हाय-लेव्हल इनपुट असलेला सब बघा, अँपच्या स्पीकर टर्मिनलवरूनच त्याला सिग्नल जातो, तो अँपकडून करंट जवळजवळ घेतच नाही त्यामुळे अँपवर लोड येत नाही. यात तुमचे स्पीकर पहिल्यासारखेच पूर्ण वाजत राहतात, सब फक्त त्यांच्या खाली भर घालतो, म्हणून क्रॉसओव्हर, म्हणजे सब ज्याच्या खालीच वाजतो ती हद्द, ५०-६० हर्ट्झवर ठेवा. सगळीकडे ८० लिहिलेलं दिसेल, ते मुख्यतः होम थिएटरवाल्यांचं, जिथे स्पीकरचा बेस कापलेला असतो. तुमच्याकडे ८० ठेवलंत तर मधल्या पट्ट्यात दोघंही वाजणार आणि परत तेच धब धब.

फेजचा (सबच्या लाटा स्पीकरच्या लाटांशी जुळवायचा) खटका ० वर ठेवायचा की १८० वर हे कागदावर ठरत नाही. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी खटका इकडेतिकडे करायला सांगा, ज्यात बेस जास्त भरीव लागेल तो ठेवा.

भोंगा_जुना:
एक विचारायचं राहिलं, तुम्ही बसता कुठे? खोलीच्या लांबीत मध्ये की मागच्या भिंतीकडे?

मंद्रसप्तक:
अगदी मध्यावर हो, मुद्दाम टेपने मोजून खुर्ची ठेवलीय.

भोंगा_जुना:
हात्तिच्या! इथेच गोची आहे. ४ मीटर लांबीत पहिली स्टँडिंग वेव्ह (समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभी राहणारी लाट) ४३ हर्ट्झच्या आसपास बनते, ध्वनीचा वेग भागिले लांबीच्या दुप्पट, ३४३ भागिले ८. ती भिंतींपाशी सगळ्यात जोरात आणि बरोब्बर मध्यावर जवळजवळ गायब. म्हणजे बेस गिटारची खालची तार जिथे वाजते नेमक्या त्याच जागी तुमच्या खुर्चीत खड्डा. असल्या खड्ड्यात कितीही मोठा सब ओता, भरत नाही, ईक्यूनेही (ठरावीक सुरांचा आवाज कमीजास्त करायची सोय) नाही. ईक्यूने उंचवटा छाटता येतो, खड्डा बुजत नाही. खुर्ची अर्धा मीटर मागे घ्या आणि परत ऐका, मग सबचं बघू.

सब आणल्यावर जागा शोधायची जुनी युक्ती म्हणजे सब उचलून तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवायचा, संथ बेसलाइन असलेलं गाणं लावायचं आणि भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सब. कोपऱ्यात सगळ्यात जोरात वाजेल पण घुमेल, जोराला भुलू नका. आमच्या मांजराला वाटलं मी तिच्याशी खेळतोय.

खटका:
फास्टचं मागे घेतो, तारजोडणी म्हणतात ते पटलं. आणि रांगायचं नसेल तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कॅलिब्रेटेड यूएसबी माइक लावून ग्राफ काढा. मोबाइलच्या माइकवर नको, बरेचसे फोन खालचा आवाज कापून टाकतात.

मंद्रसप्तक:
खुर्ची सरकवली मंडळी. बायको म्हणाली आता टेपचं काय झालं. डग्ग्यात फारसा फरक नाही पण बेस गिटार थोडीफार हजर झाली, एक रुपया न खर्चता. तरी खालचं अंग कमीच आहे, सब लागणारच, १० इंची सील्ड हाय-लेव्हलवाला ठरवतोय. फक्त एक, अँपच्या मॅन्युअलमध्ये आउटपुट बीटीएल असं लिहिलंय, त्याचा काही संबंध?

तारजोडणी:
आहे, बरं झालं विचारलंत. बीटीएल म्हणजे ब्रिज्ड, त्यात स्पीकरचं निगेटिव्ह टर्मिनलसुद्धा जिवंत असतं, ते ग्राउंड नाही. सबची काळी वायर तिथे अजिबात लावू नका, अँप उडू शकतो. काहीजण ती अँपच्या चेसिसला जोडायला सांगतात, पण ते सब बनवणाऱ्याला मॉडेल सांगून विचारल्याशिवाय करू नका. आणि अँपच्या मागे प्री-आउट (स्पीकरसाठी ताकद वाढवायच्या आधीचा सिग्नल बाहेर देणारी जागा) आहे का बघा एकदा, असेल तर हा सगळा वायरचा खेळच नको, लाइन केबलने जोडून मोकळे व्हा.

मंद्रसप्तक:
प्री-आउट आहे! इतकी वर्षं त्याच्यावर धूळ बसलीय.