मदत हवी आहे : कर्करोग झालेल्या मांजरीला कडू गोळी कशी द्यावी?

आमच्या 13 वर्षांच्या मांजरीला आतड्याचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग), त्यातही सावकाश वाढणारा लहान पेशींचा प्रकार, असल्याचे बायोप्सीतून निश्चित झाले असून डॉक्टरांनी रोज प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) आणि एक दिवसाआड क्लोरॅम्ब्युसिल सुरू केले आहे. क्लोरॅम्ब्युसिल हे केमोथेरपीचे औषध असल्याने ती गोळी फोडायची नाही आणि ती देताना, तसेच शी-शूचा ट्रे साफ करताना, हातमोजे घालायचे, हे आम्ही काटेकोरपणे पाळतो. खरी अडचण प्रेडनिसोलोनची आहे. ती इतकी कडू असते की जिभेला लागताच तिच्या तोंडाला फेस येतो, आणि अन्नात लपवली तर बाईसाहेब त्या वाटीकडे पुन्हा ढुंकूनही पाहत नाहीत. मांजर काही दिवस उपाशी राहिल्यास यकृतात चरबी साचण्याचा धोका असतो, त्यामुळे तिची अन्नावरची वासना उडू देणे परवडणारे नाही.

जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून गोळी देण्याचा अनुभव कोणाला आहे का? ती अन्ननलिकेत अडकू नये म्हणून आपण नंतर सिरिंजने पाणी पाजता, की थोडे पातळ अन्न देता? भूक वाढवण्यासाठी कानाला लावायचे मिर्टाझापिनचे मलम कोणी वापरले असल्यास, त्यानंतर मांजर अस्वस्थ होऊन सारखी ओरडत होती का, हेही कृपया कळवावे.