कीर्तन : गाणे की सांगणे?

प्रश्न : नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात रागी, म्हणजे शीख कीर्तनकार, बसून गातात, दोघे पेटीवर, एक तबल्यावर. ते कीर्तन. आमच्या गावी बुवा उभे राहतात आणि गाण्यापेक्षा बोलतात जास्त. तेही कीर्तन. मग शब्दाचा मूळ अर्थ कोणता धरायचा?

उत्तर : संस्कृत 'कीर्तयति' म्हणजे सांगतो, वाखाणतो. 'कीर्ती' त्याच घरातली. मुळात गाण्याचा उल्लेखच नाही. मराठीने सांगणे घट्ट धरून ठेवले. वारकरी कीर्तनात एका अभंगाचे निरूपण चालते, मागे टाळकरी आणि मृदंग. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंगात तत्त्व, मग उत्तररंगात आख्यान. म्हणून आपण 'कीर्तनाला उभे राहणे' म्हणतो. शीख परंपरेत गुरबाणी, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबातील पदे, रागात गाणे हे कीर्तन, तिचा अर्थ उलगडणे ही 'कथा'. कामाची वाटणी वेगळी, एवढेच.

भर : आणि त्या गाण्यात आपले माणूस आहे! गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. पंढरपुरात ज्यांच्या पायरीपुढे वारकरी माथा टेकतो, तेच तिकडे भगत नामदेव. हे मराठी शाळेत ठळकपणे शिकवायला हवे.

आणखी एक : बेने इस्रायली लोकांना विसरू नका. कोकणातून मुंबईला आलेल्या या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारदीय कीर्तनाचा घाटच आपलासा केला. मोशे, अब्राहाम यांची आख्याने मराठीत, साकी, दिंडी, ओवी या मराठी छंदांच्या चालींवर. देव त्यांचा, चाल आपली, भाषा दोघांची. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर कीर्तन सोडले नाही, त्यातून ख्रिस्तच सांगितला.

प्रश्नकर्ता : मग 'कीर्तन म्हणजे हरिकथा' हा अर्थ अपुरा?

उत्तर : माझ्या मते हो. हरी हवा असेल तिथे 'हरिकीर्तन' म्हणावे, तो शब्द आहेच. नुसते 'कीर्तन' म्हणजे लोकांसमोर, सुरांच्या साथीने केलेले गुणवर्णन, मग ते कोणत्याही धर्मातले असो. गरज पडेल तिथे वारकरी, नारदीय, शबद (शीख), ख्रिस्ती असे विशेषण लावावे. आणि गुरुद्वाऱ्यातल्या गायनाला मराठी बातमीत 'भजन' लिहितात ते टाळावे. त्यांचा शब्द कीर्तन आहे, आपलाही आहे, तोच छापावा.