साटंलोटं, मांडवली की तडजोड?

अनुवादवाली: पोलंडमधल्या १९८९च्या सत्तांतरावरचा लेख मराठीत आणतेय. कम्युनिस्ट सरकार आणि सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेची गोलमेज परिषद वॉर्सात भरली, पण अडलेले मुद्दे सुटायचे शहराबाहेर माग्दालेन्काच्या सरकारी बंगल्यात, मोजक्या माणसांत. ‘लढाऊ सॉलिडॅरिटी’ या वेगळ्या झालेल्या जहाल गटाच्या कोर्नेल मोराविएत्स्कींना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्या बाजूचं म्हणणं मांडताना मी ‘साटंलोटं’ लिहिलं. संपादक म्हणतात, ‘तडजोड’ करा. पण तडजोड शब्दात राग कुठे आहे?

कऱ्हाडकर: साटंलोटं नको, ताई. माझ्या आत्याचं लग्न साट्यालोट्याचं. आत्या तिकडे दिली, तिची नणंद आमची काकू झाली. आत्याला सासरी बोलणी बसली की इकडे काकू रडायची. पण त्यात लपवाछपवी नव्हती, अख्खा गाव मांडवात होता.

शाईपेन: मग तर शब्द चपखलच! ३ जुलैला सॉलिडॅरिटीचे संपादक-नेते आदाम मिखनिक यांच्या लेखाचा मथळा होता ‘तुमचा राष्ट्राध्यक्ष, आमचा पंतप्रधान’. मुलगी द्या, मुलगी घ्या, तसंच हे. आणि त्याला विरोध करणारे माझोविएत्स्की सॉलिडॅरिटीतलेच. ऑगस्टमध्ये पंतप्रधान झाले तेही तेच.

गिरगाव४: सरळ ‘मांडवली’ म्हणा.

शुद्धमराठी: मांडवली ही गुंडांची बोली. लेखात शोभणार नाही.

गिरगाव४: आमच्या चाळीत मालक-भाडेकरूंची मांडवली व्हायची, त्यात गुंड कोणी नव्हता. मला तर तो शब्द ‘मांडणे’वरूनच आलेला वाटतो.

शाईपेन: ४ जूनच्या निवडणुकीत सेइमच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, ४६० जागांपैकी १६१च खुल्या ठेवल्या होत्या, बाकी सत्ताधारी आघाडीला राखीव. दोन फेऱ्यांत त्या खुल्या जागा सगळ्या सॉलिडॅरिटीने घेतल्या, वरिष्ठ सभागृह सिनेटच्या १००पैकी ९९ही. लोकांनी एवढी मतं दिल्यावर त्याला मांडवली म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कऱ्हाडकर: बाकीच्या २९९ जागा कुणी वाटून दिल्या? मत द्यायच्या आधीच ठरलं होतं ना? मोराविएत्स्कींचा राग त्यावरच होता.

अनुवादवाली: पुढे माझोविएत्स्कींच्या भाषणातली, भूतकाळाखाली मारलेली ‘जाड रेघ’ येते. तिथे ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ चालेल?

जुनी खातेवही: मुळीच नाही. वडील दुकानाच्या वहीत जुन्या भागीदाराच्या हिशेबाखाली लाल रेघ मारायचे. वरची बाकी नव्या भागीदाराच्या माथी नाही, एवढाच तिचा अर्थ. माझोविएत्स्की तेच म्हणाले होते, आधीच्या पडझडीचा जाब माझ्या सरकारला विचारू नका. ‘गुन्हे माफ’ हा अर्थ विरोधकांनी लावला. तुम्ही गंगा आणलीत तर विरोधकांचाच अर्थ छापून येईल.

शुद्धमराठी: रेघ नव्हे, रेषा.

जुनी खातेवही: वहीत रेषा कोण मारतं हो?