पिंगुळीचा गोठा की पुण्याचं म्युझियम? काय वाटतं तुम्हाला?

वाटसरू७७
मे मध्ये गोव्याला जाताना कुडाळजवळ पिंगुळीला थांबलो होतो. परशुराम गंगावणे (2021 ला पद्मश्री मिळालेले) यांनी आपल्या घरच्या गोठ्यातच म्युझियम केलंय, ठाकर आदिवासी कला आंगण. चित्रकथीची (चित्र दाखवत गोष्ट गाऊन सांगायची कला) चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं हाताच्या अंतरावर, आणि दाखवणारा माणूस त्याच समाजातला, तो चित्र दाखवता दाखवता रामायण गायला लागतो. माझ्या पोरीने बाहुलीचा दोरा धरून पाहिला, परत येईपर्यंत गाडीत तेच चाललं होतं.
मग आठवलं की चित्रकथीची चित्रं आपण पुण्यात केळकर म्युझियममध्ये पण बघितली होती. काचेच्या आत. चार सेकंद बघून पुढे अडकित्त्यांकडे गेलो असू. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की ज्या समाजाची कला आहे त्याच्या दारात नसेल तर त्या म्युझियमचा त्या समाजाला उपयोग काय? माझं स्पष्ट मत, जुन्या वस्तू हळूहळू गावांकडे परत द्यायला पाहिजेत.

शनिवारपेठी
थांबा जरा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जुने बाजार, पडके वाडे पालथे घालून ते जमवलंय, लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत, आणि वीसेक हजार वस्तूंचा तो संग्रह सरकारला देऊन टाकला. तेव्हा कुणाला ह्या वस्तूंची पडली नव्हती, लोक पितळेचे दिवे मोडीत घालत होते. ते नसते तर अर्ध्या गोष्टी परदेशातल्या डीलरकडे गेल्या असत्या. आणि कोकणातल्या पावसात चार महिने कागद ठेवून बघा, कसर लागते की नाही ते. भावना ठीक आहे पण कागदाला भावना कळत नाहीत.

वाटसरू७७
केळकरांबद्दल आदरच आहे हो, पण जपलं कुणासाठी? ज्यांच्या आजोबांनी ती कथा गायली त्यांना पुण्याला येऊन तिकीट काढून बघावं लागणार, आणि पाटीवर काय, तर कुठल्या शतकातलं नी कुठल्या शैलीतलं. काढणाऱ्याचं नाव नाही.

शनिवारपेठी
नाव माहीतच नसेल तर पाटीवर काय लिहिणार?

कुडाळचो_झील
मी तिथलाच, म्हणून बोलतो. पहिली गोष्ट, तो गोठा बघून भारावून जाऊ नका, तो नाईलाजातून झालाय, आधी कुणी जागा दिली असती तर गोठ्यात कशाला केला असता. आमच्याकडे ठाकर समाजाला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळात कथा व्हायची, पोटापाण्याचं त्यावर भागायचं. ते गेलं तसं पोरं मुंबईला गेली, कुणी ड्रायव्हर कुणी सिक्युरिटीत. आता टुरिस्ट येतात म्हणून चार घरात परत बाहुल्या निघाल्या हे खरं. पण टुरिस्टला वीस मिनिटं असतात, मग लंकादहन करायचं, लोकांना आग आवडते 😀 बाकीची आख्यानं कोण ऐकणार? म्हणजे म्युझियम दारात असलं तरी कला कापली जातेच.
पण शनिवारपेठी साहेब, पावसाचं कारण सांगू नका. पिंगुळीतल्या घरात चित्रांच्या पोथ्या पिढ्यानपिढ्या राहिल्यात ना, याच पावसात.

डहाणूवाली
वारलीचं बघा मग. लग्नाचा चौक सवाशिणी काढायच्या, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर, मध्ये पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणायची. ते बायकांचं काम होतं. 70 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद नी रंग घेऊन आमच्या भागात आले, गंजाडच्या जिव्या सोमा मशेंची चित्रं बाहेर पडली, 1976 ला राष्ट्रीय पुरस्कार, 2011 ला पद्मश्री. मशे मोठेच कलाकार, त्यात वाद नाही. पण गॅलरीवाल्यांनी ज्यांची नावं लावली ते बहुतेक पुरुष, आणि ज्या बायकांनी भिंती रंगवल्या त्या फोटोत "वारली स्त्रिया" म्हणून उभ्या. म्हणून म्युझियमने समाज दाखवला असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, समाजातलं कोण दाखवलं?

बखरवाला
पण पैसा आला ना तुमच्या भागात? जीआय टॅगसुद्धा (त्या भागाचीच कला म्हणून नावाला मिळणारं कायदेशीर संरक्षण) मिळालाय वारलीला.

डहाणूवाली
जीआय नावाला मिळतो दादा, तारप्याच्या (आमचं फुंकायचं वाद्य) तालावरच्या नाचाच्या गोलाला नाही. कुणीही मगवर, साडीवर, स्टेशनच्या भिंतीवर तो नाचाचा गोल छापतो, वारली शब्द वापरला नाही की झालं. कोल्हापुरी चपलेचं 2025 ला नाही का झालं, जीआय 2019 चा, तरी मिलानच्या रॅम्पवर प्राडाची चप्पल बघून कारागीर ओरडले तेव्हा कुठे कंपनीने मान्य केलं की हे भारतातून घेतलंय.

बखरवाला
मला मध्य प्रदेशचं उदाहरण जास्त पटतं. भोपाळचं जनजातीय संग्रहालय 2013 ला उघडलं, तिथली मांडणीच आदिवासी कलाकारांनी हाताने केलीय, नुसत्या वस्तू आणून मांडल्या नाहीत. त्याच्या कितीतरी आधी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवन या कला केंद्रासाठी पाटनगढच्या गोंड आदिवासी जनगढ सिंह श्यामला भोपाळला आणलं, काम दिलं, आणि आज त्या गावात कितीतरी घरात चित्रं काढतात, त्यावर जगतात. एका पोराला नोकरी दिली तर गाव उभं राहिलं. मदत म्हणजे ही.

शनिवारपेठी
आणि तोच जनगढ 2001 मध्ये जपानच्या एका म्युझियममध्ये चित्रं काढायला गेलेला असताना गळफास घेऊन गेला, हे पण सांगा की. फक्त गोड गोड नको.

बखरवाला
मान्य, मी ते गाळायला नको होतं. परक्या देशात एकटा माणूस. पण म्हणून काचेची पेटी बरी असं होत नाही ना.

कुडाळचो_झील
एक प्रॅक्टिकल सांगू? मूळ चित्रं ठेवा पुण्यात, आम्ही काय ट्रक घेऊन येत नाही. पण त्यांचे चांगले स्कॅन करून त्याच मापाचे प्रिंट ठाकर घरांना द्या, म्हणजे पोरांना जी आख्यानं आता कुणाला येत नाहीत ती निदान बघायला मिळतील. आणि वर्षातून महिनाभर समाजातल्या कुणाला तरी पगारावर बोलवा म्युझियममध्ये, मानधन म्हणून पाचशे नी नारळ नको.

शनिवारपेठी
ह्याला माझी हरकत नाही, उलट व्हायलाच पाहिजे. पण मूळ कागद हलणार नाहीत ह्यावर मी ठाम आहे.

कुडाळचो_झील
हलवू नका. फक्त स्कॅन दोन्ही बाजूंनी करा. पोथीत दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले असतात, सांगणारा एक चित्र झालं की उलटं करून पुढचं दाखवतो. फ्रेम करून भिंतीला लावलं की गोष्ट अर्धीच दिसते.

वाटसरू७७
आयला. मी चार सेकंद जे बघितलं त्याच्या मागे काय होतं मग?