डिमेन्शियातला गोंधळ: गोळी द्यावी की नाही?

शेवंती: सासूबाई ८१ वर्षांच्या, चार वर्षांपासून डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). गेल्या आठवड्यापासून दिवेलागणीला चपला घालून दाराशी उभ्या, "मला घरी जायचंय." परवा ह्यांनाच ओळखलं नाही, काठी उगारली. डॉक्टरांनी क्वेटियापिन २५ची अर्धी गोळी रात्री लिहून दिलीय. नणंद फोनवरून म्हणते, आईला गुंगीत ठेवू नका. मी म्हणते द्यावी. घरात कुणाला झोप नाही.

जुना_कंदील: नणंदेचं बरोबर आहे. २००५ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, क्वेटियापिनच्या गटातल्या (नव्या अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम आवरणाऱ्या) औषधांवर चौकटीतला, सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. १७ चाचण्या, बहुतेक १० आठवड्यांच्या. डिमेन्शियाचे जे म्हातारे खरं औषध घेत होते त्यांच्यातले साधारण ४.५ टक्के दगावले, खोटी गोळी घेणाऱ्यांतले २.६. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवरही तोच इशारा आला.

काठावरचा: आकडे पाठ आहेत हो. आमचे अण्णा रात्री तीनला गॅस उघडा टाकून काडेपेटी शोधत होते, तेव्हा टक्केवारी आठवली नाही. याच गटातलं रिस्पेरिडोन दिलं, अगदी कमी, सहा आठवडे, मग बंद. युरोपातही अल्झायमरमधल्या हाताबाहेरच्या आक्रमकपणासाठी त्याला मान्यता आहे, सहा आठवड्यांपुरती. गोळी वाईट नसते, ती वर्षानुवर्षं चालू राहते ते वाईट.

पारिजात (नर्स, निवृत्त): मी "गेल्या आठवड्यापासून" इथेच अडकले. चार वर्षांचा आजार आठ दिवसांत असा उसळला तर आधी डेलिरियम समजायचं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कारणाने अचानक आलेला भ्रम. लघवीत जंतू, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, घसरलेलं सोडियम, कमी पाणी. नवीन कुठली गोळी चालू केलीत का?

शेवंती: सर्दीची. दुकानातूनच आणलेली, दिवसाला दोन. आणि हो, चार दिवस पोट साफ नाही.

पारिजात: पाकिटावर क्लोरफेनिरामिन लिहिलंय का बघा. त्याने म्हाताऱ्यांचं डोकं भ्रमतं, पोटही धरतं. डॉक्टरांना आजच कळवा. हातापायांत ताठरपणा किंवा नसलेली माणसं दिसणं असेल तर तेही. डिमेन्शियाचा लेवी बॉडी नावाचा प्रकार निघाला तर ही औषधं, त्यातून हॅलोपेरिडॉल, जिवावर बेततात.

जुना_कंदील: मी तेच म्हणत होतो.

काठावरचा: नाही, तुम्ही नुसतं नको म्हणत होतात. कारण सापडून उतरेपर्यंतच्या रात्री कोण जागणार? नणंदबाईंना बोलवा दोन दिवस.

शेवंती: क्लोरफेनिरामिनच आहे! डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितलीय, लघवी सकाळी तपासायला देतेय. नणंदेलाही विचारलं येतेस का. म्हणाली, "अर्धीच आहे ना गं गोळी?"