एडिंबरो एका दिवसात

कुणीतरी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोसाठी किल्ला, हॉलीरूड पॅलेस, म्युझियम आणि आर्थर्स सीट ही टेकडी असा एका दिवसाचा बेत मांडलाय. पाय धडधाकट असतील तर जमेलही, पण बघणं कमी आणि पळणं जास्त होईल. मी असते तर पॅलेस गाळला असता.

किल्ल्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, शक्यतो सकाळचं. आत शिरण्याआधी बाहेरच्या पटांगणात ७८व्या हायलँडर्स या ब्रिटिश सैन्यातल्या स्कॉटिश पलटणीचं स्मारक शोधा. ते १८५७-५८च्या लढायांत मेलेल्या सैनिकांचं, पण त्यावरचा हत्ती आपल्या असईचा! हो, जालना जिल्ह्यातली असई. १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध तिथे लढल्याबद्दल या पलटणीला हत्तीचं चिन्ह मिळालं. किल्ल्याकडे धावणाऱ्या गर्दीत त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

किल्ल्यावरची दुपारी एकची तोफ ऐकाच. रविवारी मात्र उडत नाही. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून १८६१ मध्ये ती सुरू झाली. त्याआधी काल्टन हिलवरच्या मनोऱ्यावरून ठरल्या वेळी वेळदर्शक गोळा (टाइम बॉल) खाली सोडत, पण धुक्यात तो दिसणार कसा?

मग रॉयल माइल हा किल्ल्यापासून खाली जाणारा रस्ता उतरताना लोकरी शालींच्या दुकानांत वेळ न घालवता बाजूच्या अरुंद बोळांत शिरा. नॅशनल म्युझियम फुकट आहे, क्लोन केलेली डॉली मेंढी तिथेच. ते पाचला बंद होतं, म्हणून आधी उरका. संध्याकाळी आर्थर्स सीटऐवजी काल्टन हिल चढा, चढण थोडकी आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. विंडचीटर तेव्हाही लागेलच.