सोसायटीच्या गच्चीवर सोलर: रिडेव्हलपमेंट तोंडावर असताना परवडेल का?

खजिनदार_मुलुंड:
मुलुंड पूर्वेला आमची सात मजली जुनी इमारत. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे धरून कॉमन मीटर महिन्याला १,८०० युनिट खातो, बिल वीस-बावीस हजार. १५ किलोवॅटचं कोटेशन आलंय, ९ लाखांचं. सिंकिंग फंडात, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीत, पैसे आहेत. पण निम्मे सभासद म्हणतात, बिल्डिंग पडणारच आहे, कशाला खर्च? उरलेल्यांना वाटतंय, आपापल्या घरचं बिल शून्य होणार! जनरल बॉडीत काय सांगू?

निवृत्त_शिफ्टवाला:
घरच्या बिलाचा विषय आधीच मिटवा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतःचं छप्पर असलेल्याला ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. तुमची गच्ची सामाईक, म्हणून कॉमन मीटरपुरते किलोवॅटला १८,०००, म्हणजे २ लाख ७० हजार. योजना आखताना कुणाच्या तरी डोळ्यांसमोर बंगला होता, मुंबईचा वन-बीएचके नव्हता, असं माझं स्पष्ट मत. अनुदान प्लांट सुरू झाल्यावर येतं, तोवर सगळे पैसे तुमचे. पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतीय, हे कोटेशनवर लिहून घ्या. नाहीतर अनुदान विसरा.

राहिले ६ लाख ३० हजार. वर्षाची सरासरी धरली तर किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, म्हणजे तुमची गरज जेमतेम भागते. पावसाळ्यात उत्पादन पडतं, पण एप्रिल-मेमधले जास्तीचे युनिट ग्रिडला जातात आणि नेट मीटरिंगमुळे जुलैच्या बिलात वळते होतात. मार्चअखेर हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटना फारच कमी दर मिळतो, म्हणून हावरटपणे मोठा प्लांट नको. बिलातला स्थिर आकार सुटत नाही. महिन्याला १७ हजार वाचले तरी साधारण तीन वर्षांत वसूल. रिडेव्हलपमेंटच्या पहिल्या मीटिंगपासून घरं रिकामी होईपर्यंत किती वर्षं जातात, ते त्या निम्म्या सभासदांनाच विचारा.

स्लॅबला भोकं पाडू देऊ नका. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर बसवा, म्हणजे वरच्या मजल्यावाल्यांशी गळतीवरून भांडण नको आणि उद्या काढून नेता येईल.

चेंबूरची_सेक्रेटरी:
सावली बघितलीत का? आमच्या दक्षिणेला टॉवर उठला आणि डिसेंबरात अर्धी गच्ची दुपारपर्यंत काळोखात. शेजारच्या प्लॉटवर काय मंजूर झालंय ते आधी काढा. टाकी आणि लिफ्टची खोली सोडून दीड हजार चौरस फूट मोकळी जागा लागेल.

खजिनदार_मुलुंड:
ताई, दक्षिणेला शाळेचं मैदान आहे, वाचलो. काका, लाईट गेली तर लिफ्ट सोलरवर चालेल ना?

निवृत्त_शिफ्टवाला:
नाही हो. ग्रिड गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेला, इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर सोलरची वीज तारेत जाऊन वर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. १२ ऑक्टोबर २०२० ला भर सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा गच्चीवर ऊन असूनही तुमची लिफ्ट अडकलीच असती. जनरेटर मोडीत काढू नका. आणि कॉमन मीटरचा मंजूर भार किती आहे? बिलावर छापलेला असतो. १५ किलोवॅटपेक्षा कमी असेल तर आधी तो वाढवून घ्या, मंजूर भाराहून मोठ्या प्लांटला परवानगी मिळत नाही.